वक्तृत्वशास्त्राचा माणूस प्रयोगशाळेत नेमके काय करतो?

आपला प्रश्न मी असा समजले आहे. आपले पदव्युत्तर शिक्षण भाषा आणि वक्तृत्वशास्त्र या विषयांत झाले आहे, पीएच.डी.चे पहिले वर्ष सुरू आहे, आणि मार्गदर्शकांनी पर्यावरण अभियांत्रिकी व सार्वजनिक आरोग्य या दोन विभागांना जोडणारा विषय सुचवला आहे. पहिल्याच संयुक्त बैठकीत एका अभियंत्याने ‘म्हणजे आमचे निष्कर्ष लोकांना सोप्या भाषेत सांगायचे काम तुमच्याकडे’ असे म्हटले आणि तेव्हापासून तीन शंका आपल्याला सोडत नाहीत: हे संशोधन आहे की लेखनसाहाय्य, विज्ञान किती शिकावे लागेल, आणि वैज्ञानिक आपल्याला बरोबरीचे मानतील का.

मी गेली १८ वर्षे याच सीमेवर काम करते. सुरुवात वक्तृत्वशास्त्रातून झाली आणि आता माझा निम्मा वेळ पाणी आणि हवा मोजणाऱ्या लोकांबरोबर जातो. त्या अभियंत्याचा मला राग येत नाही, कारण त्याचा समज आपल्याच विषयातल्या अनेकांचाही आहे. ‘वक्तृत्व’ म्हटले की आपल्याला व्यासपीठ, उंचावलेला हात आणि टाळ्या आठवतात. ॲरिस्टॉटलने मात्र या विद्येची व्याख्या करताना बोलण्यापेक्षा पाहण्यावर भर दिला होता: एखाद्या प्रसंगी पटवून देण्याची कोणती साधने उपलब्ध आहेत ते ओळखण्याची क्षमता, असे त्याने तिला म्हटले. आपण प्रयोगशाळेत जातो ते हे ओळखण्यासाठी. एखादे विधान लोकांना, किंवा तज्ज्ञांना, कशाच्या बळावर पटले आणि ते बळ त्या विधानाचे स्वतःचे होते की वाटेत कुठून तरी उसने आले, हा आपला प्रश्न.

एक छोटे उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी एका इमारतीतल्या पिण्याच्या पाण्याच्या तपासणीची कागदपत्रे माझ्याकडे आली. प्रयोगशाळेच्या तक्त्यात शिशासमोर ‘आढळले नाही’ असे लिहिले होते, आणि त्याच ओळीच्या शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरांत डिटेक्शन लिमिट दिली होती: दर लिटरला ५ मायक्रोग्रॅम. त्याखालचे प्रमाण त्या पद्धतीला दिसतच नाही. विश्लेषकाच्या पत्रात हेच ‘मर्यादेपेक्षा कमी’ असे आले. अहवालाच्या सारांशात ‘पाण्यात शिसे आढळले नाही’ झाले, आणि भिंतीवर लागलेल्या सूचनेत ‘पाणी शिसेमुक्त आहे’ असे छापले गेले. या चार टप्प्यांवर कोणीही खोटे बोललेले नव्हते. प्रत्येकाने आधीच्याचे वाक्य जरा सुटसुटीत केले, एवढेच. पण पहिले वाक्य उपकरणाबद्दल होते आणि शेवटचे पाण्याबद्दल. त्यातच नमुना घेतानाच्या फॉर्मवर ‘नमुन्यापूर्वी नळ किती वेळ सोडला होता’ हा रकाना कोराच होता. नळ आधी काही मिनिटे वाहू दिला, तर रात्रभर पाइपात साचलेले, शिसे उतरलेले पाणी निघून जाते आणि नमुना स्वच्छ येतो. म्हणजे पहिले वाक्यसुद्धा कोणत्या पाण्याबद्दल होते, हे सांगता येत नव्हते.

वाक्य सोपे करणे हे काम तिथे आधीच तीन जणांनी केलेले होते आणि अडचण नेमकी त्यातूनच झाली होती. माझे काम उलट दिशेचे होते: छापलेल्या सूचनेपासून कोऱ्या रकान्यापर्यंत मागे चालत जाणे.

असा मागोवा घेण्याची रीत नवीन नाही. वक्तृत्वशास्त्राच्या अभ्यासक जीन फानेस्टॉक यांनी १९८६ साली दाखवून दिले की शोधनिबंधातले निष्कर्ष सामान्य वाचकांच्या नियतकालिकांत जाताना केवळ सोपे होत नाहीत, त्यांची जातच बदलते. मूळ निबंधाचा सगळा जोर ‘हे खरे घडते का’ हे सिद्ध करण्यावर असतो, म्हणून तिथे ‘असे दिसते’, ‘या नमुन्यापुरते’ अशी सावध शब्दयोजना असते. लोकप्रिय लेखाचा हेतू गौरवाचा असतो, म्हणून सावधगिरीचे शब्द गळतात आणि विधान मुळात होते त्याहून पक्के वाटू लागते. वक्तृत्वशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर न्यायालयीन प्रकारचे, म्हणजे काय घडले ते सिद्ध करणारे, भाषण गौरवपर बनते. ही दोन हजार वर्षांपूर्वीची वर्गवारी प्रयोगशाळेतल्या कागदांवर इतकी चपखल बसते, याचे मला अजूनही थोडे आश्चर्य वाटते.

आता ज्या प्रकरणामुळे या क्षेत्राकडे अनेकांचे लक्ष गेले ते जरा विस्ताराने सांगते, कारण आपल्या पहिल्या शंकेचे सर्वांत चांगले उत्तर त्यात आहे.

२८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने समाजमाध्यमांवर ठामपणे सांगितले की कोविड-१९ हा हवेतून पसरणारा रोग नाही. त्यामागे एक जुनी सीमारेषा होती. श्वासातून, खोकल्यातून बाहेर पडणारे ५ मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण म्हणजे थेंब, ते एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात. ५ मायक्रॉनपेक्षा लहान ते हवेत तरंगणारे. वैद्यकातली पाठ्यपुस्तके आणि रुग्णालयांच्या मार्गदर्शिका हीच रेषा वर्षानुवर्षे सांगत आल्या होत्या. पर्यावरण अभियांत्रिकीत हवेतल्या कणांचा अभ्यास करणाऱ्या लिन्झी मार यांना ती रेषा आधीपासूनच खटकत होती, कारण भौतिकशास्त्र तिला दुजोरा देत नाही. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी हवेतून होणाऱ्या प्रसाराची दखल घ्या, असे जाहीर आवाहन केले, तरी वाद मिटला नाही.

गणित अवघड नाही; आपणही करून पाहावे असे मी सुचवेन. स्थिर हवेत लहान कणाचा खाली उतरण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दीड मीटर उंचीवरून ५ मायक्रॉनच्या कणाला जमिनीवर यायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो, तर १०० मायक्रॉनच्या कणाला पाच-सहा सेकंद. मधला २० मायक्रॉनचा कण घ्या. त्याला सुमारे दोन मिनिटे लागतात, आणि खोलीतली हवा सेकंदाला जेमतेम १० सेंटीमीटर सरकत असली तरी तेवढ्या वेळात त्या कणाचा १२ मीटरचा प्रवास होतो. मग जुन्या व्याख्येने ज्याला ‘थेंब’ म्हटले, तो दोन मीटरच्या वर्तुळात पडून गेला, असे कशाच्या आधारावर म्हणायचे? शिवाय वाटेत थेंब सुकतो आणि आणखी लहान होतो.

म्हणजे भौतिकशास्त्रज्ञांकडे उत्तर होते, पण रेषा चुकीची आहे हे सांगून ती पुसली जात नव्हती. ती आली कुठून, हे सांगता येणे आवश्यक होते, आणि तो प्रश्न उपकरणाने सुटणारा नव्हता. मार यांच्याबरोबर एक इतिहासकार आणि वक्तृत्व व लेखन या विषयात पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी या कामाला लागली. पद्धत आपल्या ओळखीची आहे: जिथे जिथे ५ मायक्रॉन लिहिले आहे, तिथला संदर्भ उघडायचा, तो ज्याकडे बोट दाखवतो ते उघडायचे आणि असे मागे जात राहायचे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने ही वाट विल्यम फर्थ वेल्स या अभियंत्यापर्यंत नेली. वेल्सने १९३४ साली मांडले होते की थेंबाचे भवितव्य पडणे आणि सुकणे यांच्या शर्यतीवर ठरते, आणि त्याच्या हिशोबाने जमिनीवर पडणारे व हवेत राहणारे यांच्यातली सीमा १०० मायक्रॉनच्या आसपास होती.

मग ५ हा आकडा कुठला? तो क्षयरोगाच्या अभ्यासातला. क्षयाचा जंतू फुप्फुसाच्या अगदी आतल्या भागात पोहोचला तरच बाधा करतो, आणि तितक्या खोल जाऊ शकणारे कण साधारण ५ मायक्रॉनपेक्षा लहान असतात. पुढे वेल्स आणि रिचर्ड रायली यांच्या गिनी पिगवरील प्रयोगांनी क्षय हवेतून पसरतो हे मान्य करायला लावले, तेव्हा ‘क्षयाचा कण’ आणि ‘हवेतला कण’ ही जणू एकाच गोष्टीची नावे झाली आणि ५ मायक्रॉन ही हवेत तरंगण्याची सीमा म्हणून पुस्तकांत शिरली. ‘कण किती खोल जातो’ या प्रश्नाचे उत्तर ‘कण किती वेळ तरंगतो’ या प्रश्नाखाली छापले गेले. आकडा बरोबर होता. त्याच्या वरचा प्रश्न बदलला होता.

माझ्या दृष्टीने त्याआधीचा धागाही तितकाच महत्त्वाचा आहे. चार्ल्स चेपिन या आरोग्याधिकाऱ्याने १९१० साली संसर्गाच्या वाटांवर लिहिताना स्पर्शाला आणि जवळच्या थेंबांना मुख्य स्थान दिले. त्याच्या युक्तिवादाचा एक भाग असा होता की रोग हवेतून येतो असे लोकांच्या मनात घट्ट बसलेले असेल, तर त्यांना स्पर्शाबाबत स्वच्छता पाळायला शिकवता येणार नाही. दूषित हवेने रोग होतात या जुन्या समजुतीशी त्याची पिढी लढत होती, त्यामुळे ही चिंता समजण्यासारखी आहे. पण पाहा, इथे लोकांना काय पटवायचे आहे याचा विचार, हवेत काय घडते या प्रश्नाच्या उत्तरात मिसळला गेला. असा सांधा दिसणे हे आपल्या प्रशिक्षणाचे फळ आहे. अभियंता तो वाचून पुढे जातो, कारण त्याच्या लेखी ते प्रास्ताविक असते.

आणखी एक पदर आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हर्मागोरस या ग्रीक वक्तृत्वशास्त्रज्ञाने वादातले अडथळे ओळखण्यासाठी प्रश्नांची एक उतरंड मांडली होती: घटना घडली का, तिला काय म्हणायचे, तिचे गांभीर्य किती, आणि निर्णय कोणी करायचा. २०२० चा वाद वरवर पाहता पहिल्या पायरीवरचा वाटत होता, पण बराचसा दुसऱ्या पायरीवर अडकला होता. भौतिकशास्त्रज्ञासाठी ‘हवेतून’ म्हणजे हवेत तरंगत. रुग्णालयाच्या व्यवस्थापनासाठी त्याच शब्दाचा अर्थ ऋण दाबाच्या खोल्या (ज्यांतली हवा बाहेर पसरत नाही), एन-९५ मुखपट्ट्या आणि त्यांचा पुरवठा. एकाने भौतिक वर्णन उच्चारले की दुसऱ्याला एक लांबलचक मागणीपत्र ऐकू येत असे. एप्रिल २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने परिभाषा नव्याने मांडली, थेंब आणि एरोसोल (हवेत तरंगणारे कण) अशी आकारावरची फाळणी सोडली आणि श्वासातून निघणाऱ्या सर्व आकारांच्या संसर्गजन्य कणांना एकाच नावाखाली आणले. शब्द बदलायला चार वर्षे लागली.

जाता जाता एक सांगते: आकाराच्या रेषांबद्दल एकूणच सावध राहा. हवाप्रदूषणातले पीएम २.५ हे नाव ऐकून २.५ मायक्रॉनवर भिंत आहे असे वाटते. प्रत्यक्षात त्या आकाराचे निम्मे कण मोजणाऱ्या उपकरणाच्या आत येतात आणि निम्मे गाळले जातात. रेषा निसर्गाची नाही, उपकरणाची आहे.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, हे संशोधनच आहे आणि त्याची सामग्री म्हणजे संदर्भ, व्याख्या, तक्त्यांची शीर्षके, फॉर्म, इतिवृत्ते आणि सूचना. आता दुसरी शंका: विज्ञान किती शिकावे?

माझे उत्तर अनेकांना कडक वाटते. एका विज्ञानशाखेतले, एका प्रश्नापुरते, हाताने हिशोब करता येईल इतके शिकावे. दहा शाखांची तोंडओळख उपयोगाची नाही. वरचे २० मायक्रॉनच्या कणाचे गणित ज्याला स्वतः करता येत नाही, त्याला ५ मायक्रॉनच्या संदर्भात काही खटकणारच नाही. संदर्भ बरोबर लागला, पान क्रमांक जुळला, की तो समाधानाने पुढे जाईल.

हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगते. सुरुवातीच्या काळात एका परिषदेत मी दोन सरकारी अहवालांमधली ‘विसंगती’ मोठ्या आत्मविश्वासाने मांडली होती. दोन्हीकडे एकाच धातूसाठी ‘मिलिग्रॅम प्रति किलो’ असे एकक होते आणि आकड्यांत प्रचंड तफावत होती. त्यावर मी संस्थांच्या भाषेबद्दल वीस मिनिटांचा सिद्धांत उभा केला. प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतल्या एका विषशास्त्रज्ञ बाईंनी शांतपणे विचारले, ‘किलो कशाचा?’ एका तक्त्यात तो शरीराच्या वजनाचा होता, दुसऱ्यात मातीचा. मी खाली बसले. त्या प्रश्नाची चिठ्ठी करून मी टेबलावर लावली आहे आणि आजही प्रत्येक तक्ता वाचताना छेदस्थानी काय आहे ते आधी पाहते. गंमत अशी की ती चूक ५ मायक्रॉनच्या चुकीचीच बहीण होती: एकच लेबल, खाली दोन वेगळे प्रश्न. ती बाहेरून ओळखणे माझा व्यवसाय, आणि तरी मी तीच केली.

आरोग्य आणि पर्यावरण यांच्या मधल्या पट्ट्यात निदान इतके यायला हवे: संपर्कात येणे आणि शरीरात प्रत्यक्ष मात्रा जाणे यांतला फरक, सापेक्ष जोखीम आणि निव्वळ जोखीम यांतला फरक, डिटेक्शन लिमिट, नमुना कसा घेतात, आणि ‘मर्यादा’ या शब्दाचे निरनिराळे अर्थ. शेवटच्या मुद्द्यावर लोक फार फसतात, म्हणून त्यावर थोडे थांबते.

अमेरिकेत १९९१ च्या नियमाने नळाच्या पाण्यातल्या शिशासाठी दर लिटरला १५ मायक्रोग्रॅम हा आकडा ठरवला. तो आरोग्यासाठी सुरक्षित पातळी म्हणून ठरवलेला नव्हता. आरोग्याचे उद्दिष्ट त्याच नियमात शून्य होते. घेतलेल्या नमुन्यांपैकी १० टक्क्यांहून अधिक नमुने १५ च्या वर गेले तर यंत्रणेने गंजरोधक प्रक्रिया वगैरे उपाय सुरू करावेत, असा तो इशारा होता. मात्र सूचनांमध्ये तो आकडा ‘मर्यादा’ म्हणून छापला जाऊ लागला, आणि लोकांनी १४ म्हणजे चांगले पाणी असा अर्थ घेतला, जो त्या वाक्यातून कोणीही घेतला असता. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि पाइप गंजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया केली गेली नाही. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते आणि पाणी ठीक आहे असे उत्तर ऐकून परतत होते. २०१५ च्या तपासणीत दोन नमुने वगळले गेले आणि शहराचा आकडा १५ च्या खाली आला. पाण्यावर काम करणारे अभियंते मार्क एडवर्ड्स यांच्या गटाने घरोघरचे पाणी तपासले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या रक्तातले शिसे वाढल्याचे जाहीर केले, त्यानंतर ऑक्टोबरमध्ये स्रोत पुन्हा बदलला गेला.

या प्रकरणातले रसायनशास्त्र रसायनशास्त्रज्ञ सांगतील. आपल्याला त्यात दोन गोष्टी दिसायला हव्यात. एक, इशाऱ्याचा आकडा परवानगीचा आकडा कसा झाला. दुसरी, बाटली हातात धरलेल्या रहिवाशाचे विधान पुरावा म्हणून का धरले गेले नाही आणि तेच विधान डॉक्टरांच्या आलेखातून आले तेव्हा का धरले गेले. वक्त्याची विश्वासार्हता, ज्याला ॲरिस्टॉटल ‘एथॉस’ म्हणतो, ती इथे भाषणातून येत नव्हती. ती कागदाच्या प्रकारातून येत होती.

भाषेच्या अंगाने आपल्याला एक फायदा आहे, तो वाया घालवू नका. हवामानबदलावरील आंतरशासकीय समितीच्या अहवालांत शक्यतेच्या शब्दांना आकडे बांधून दिलेले आहेत: तिथे एखादी गोष्ट ‘संभाव्य’ म्हटली की किमान ६६ टक्के, ‘अतिशय संभाव्य’ म्हटली की किमान ९० टक्के. डेव्हिड बुडेस्कू आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले की वाचक हे शब्द त्यांच्या ठरलेल्या अर्थापेक्षा ५० टक्क्यांच्या जवळ ओढून वाचतात. मराठीत तर ‘शक्यता आहे’ हा शब्दप्रयोग जवळपास काहीही वाहून नेतो. पाऊस पडण्याची शक्यता आहे, तो येण्याची शक्यता आहे, कर्करोगाची शक्यता आहे. मी विद्यार्थ्यांना यांपुढे टक्केवारी लिहायला सांगते, तेव्हा एकाच वर्गात एकमेकांशी अजिबात न जुळणारे आकडे येतात. ‘बहुधा’, ‘कदाचित’, ‘होऊ शकते’ आणि ‘नाकारता येत नाही’ यांचे अनुवाद आरोग्यविषयक सूचनांत कसे होतात, एवढा एकच विषय प्रबंधाला पुरेल.

आता एक इशारा, जो मला माझ्या मार्गदर्शकांनी दिला नव्हता. वैज्ञानिक विधाने कशी घडतात हे दाखवताना आपल्या क्षेत्रातल्या काहींना ‘म्हणजे सगळे शब्दांचेच खेळ’ असे म्हणायचा मोह होतो. १९६९ सालच्या एका तंबाखू कंपनीच्या अंतर्गत टिपणात ‘शंका हेच आमचे उत्पादन आहे’ अशा अर्थाचे वाक्य आहे. त्या लोकांना वक्तृत्वशास्त्र आपल्यापेक्षा चांगले येत होते. प्रश्न पहिल्या पायरीवर, म्हणजे ‘असे घडते तरी का’ यावर, अडकवून ठेवला की चौथी, निर्णयाची, पायरी कधीच येत नाही, हे त्यांना नेमके ठाऊक होते. म्हणून प्रबंधात जिथे जिथे एखादे विधान मोडून दाखवाल, तिथे मूळ पुरावा किती भक्कम आहे हेही त्याच पानावर सांगा. ५ मायक्रॉनच्या मागोव्याने विज्ञानावरचा विश्वास कमी झाला नाही, कारण त्या मंडळींनी चुकीच्या रेषेबरोबर वेल्सची बरोबर रेषाही समोर ठेवली.

तिसरी शंका, बरोबरीच्या वागणुकीची. हे बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि त्याबद्दल खोटा दिलासा देणार नाही. आपला मार्गदर्शक दोन्ही विभागांत ओळखीचा आहे का, कागदपत्रे सार्वजनिक आहेत की परवानगीने मिळणारी, मुलाखती घ्यायच्या असतील तर एथिक्स कमिटीची मंजुरी किती दिवसांत मिळते, आणि आपल्या विद्यापीठात नेमणुकीच्या वेळी सहलेखनाला किती वजन आहे, यांवर बरेच ठरते. भाषाविभागात एकट्याच्या नावावरचा दीर्घ निबंध मोलाचा मानतात. अभियांत्रिकीत सहा लेखकांच्या निबंधात चौथे नाव असणेही रीतसर काम असते. नेमणूक भाषाविभागात हवी असेल तर निदान दोन निबंध एकट्याच्या नावाने लिहा. २०१८ पासून आरोग्य आणि वैद्यक यांच्या वक्तृत्वाला वाहिलेले एक स्वतंत्र नियतकालिक निघते, पर्यावरणविषयक संज्ञापनाचेही आहे. म्हणजे छापायला जागा नाही ही जुनी तक्रार आता फारशी खरी नाही.

माझ्यापुरते सांगते. पहिल्या प्रकल्पात मला दोन वर्षे इतरांचे परिच्छेद दुरुस्त करायला दिले गेले आणि मी ते केले, जे आता मी करणार नाही. ते बदलले एका कागदामुळे. सगळ्यांच्या निबंधांत प्रास्ताविकात येणारे एक वाक्य होते, संदर्भासह. मी तीन आठवडे त्या संदर्भाच्या मागे गेले आणि मूळ निबंध वेगळ्याच वयोगटाबद्दल, वेगळ्याच मार्गाने शरीरात जाणाऱ्या रसायनाबद्दल आहे असे निघाले. बैठकीत मी भाषण केले नाही. एका पानावर वाक्याची पाच रूपे, सालांसह, एकाखाली एक लिहून ते पान टेबलावर ठेवले. ज्येष्ठ प्राध्यापकांनी ते दोनदा वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘हे अर्ज लिहिण्याआधी कळले असते तर बरे झाले असते.’ पुढच्या प्रकल्पात मला अर्जाच्या मसुद्यापासूनच बोलावणे आले.

तेव्हा त्या अभियंत्याला उत्तर द्यायचेच असेल तर शब्दांनी देऊ नका. त्याच्या विभागातल्या शेवटच्या पाच प्रबंधांची प्रास्ताविके घ्या, सगळ्यांत समान असलेले एक आकडेवारीचे वाक्य निवडा आणि त्याचा संदर्भ उघडा. पहिल्या महिन्यात एवढेच करा. त्या महिन्यात निदान चार दिवस नमुने गोळा करणाऱ्यांबरोबर फिरा, वही घेऊन. कोणता रकाना ते न विचारता भरतात आणि कोणता कोरा सोडतात ते लिहून ठेवा. संदर्भ बरोबर निघाला तर वाईट वाटून घेऊ नका, दुसरे वाक्य घ्या. माझ्या अनुभवात तिसऱ्या-चौथ्याच्या पुढे सहसा जावे लागत नाही.